ड्युअल बूटची तयारी: आधी ती ४८ आकडी की कागदावर उतरवा

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं असेल तर लिनक्सचं काम शेवटचा अर्धा तास. त्याआधीचं सगळं विंडोजमध्ये बसून करायचं असतं, आणि त्यातलं पहिलं काम बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनची, रिकव्हरी की शोधणं. ‘माझ्याकडे होम आवृत्ती आहे, माझ्याकडे बिटलॉकर नाही’ असं म्हणू नका. होममध्ये त्याच गोष्टीला ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणतात. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर विंडोज ११ कोरं टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बहुतेक लॅपटॉपवर ते आपोआप सुरू होतं, कुणी विचारतसुद्धा नाही. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली बघा. चालू दिसलं तर पुढचं काही करण्याआधी की मिळवा.

की म्हणजे सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एकूण ४८ आकडे. पहिल्यांदा लॅपटॉप सुरू करताना जे मायक्रोसॉफ्ट खातं वापरलं असेल त्या खात्यात ती असते. इथेच घोळ होतो. ते खातं तुमचं असेलच असं नाही. दुकानदाराने घाईत एखादा मेल आयडी उघडून दिलेला असतो, किंवा पुण्याच्या भाच्याने गणपतीत आल्यावर स्वतःच्या खात्याने सेटअप केलेलं असतं, किंवा ऑफिसचं खातं असतं आणि नोकरी केव्हाच बदललेली असते. कुणाचं खातं ते आज शोधा, भाच्याला आज फोन करा. की मागणारी निळी स्क्रीन समोर आल्यावर तो नेमका मीटिंगमध्ये असतो. खात्यात एकाहून जास्त की दिसल्या तर की आयडीचे पहिले आठ वर्ण जुळवून आपली ओळखा. आणि की कागदावर लिहा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर स्क्रीनशॉट काढून ठेवणं म्हणजे किल्ली आत ठेवून दार ओढून घेणं. पेन ड्राइव्हवर तर मुळीच नको, कारण इन्स्टॉलर बनवायला घरातला तोच पेन ड्राइव्ह घेतला जातो आणि सगळा पुसला जातो. मागच्या वेळी माझं हेच झालं, अधिक सांगत नाही. की नसेल तर मायक्रोसॉफ्टचे लोकही ती काढून देऊ शकत नाहीत. कागद. पेन. ४८ आकडे. लिहिल्यावर एकदा मोठ्याने वाचून ताडून घ्या.

बॅकअप: घ्या. वेगळ्या डिस्कवर. हे सांगायला लागू नये.

विंडोज कशासाठी ठेवतोय तेही आधीच ठरवा, म्हणजे त्याला किती जागा ठेवायची ते कळेल. टॅली, डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन लावून भरायचे फॉर्म, श्रीलिपीतल्या जुन्या फायली ही नेहमीची कारणं. श्रीलिपीचा मजकूर युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखा दिसणारा, नाही. त्या फायली लिनक्सवर उघडल्या तर अक्षरांच्या जागी चिन्हांचा चिवडा दिसतो आणि मग लिनक्सला नावं ठेवली जातात. लागणारा मजकूर विंडोजमध्येच युनिकोडमध्ये बदलून घ्या. प्रिंटरही बघा. एचपीचे बरेचसे प्रिंटर सुरळीत चालतात. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या टेबलापर्यंत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र नुसती वायर जोडून चालत नाही, त्याचा सीएपीटी ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो आणि त्यात संध्याकाळ जाते. छापायचं काम रोजचं असेल तर हे आधी वाचून ठेवा.

आता एन्क्रिप्शन बंद करा. हो, पूर्ण बंद. बिटलॉकर लावलेलं पार्टिशन लिनक्सचा इन्स्टॉलर लहान करू शकत नाही, तो तिथेच अडून बसतो. डिस्क मोठी असेल तर उलगडायला वेळ लागतो, चार्जर लावून ठेवा. बंदच करतोय तर की कशाला, असं वाटेल. तरीही की लिहिलेली हवीच. उलगडणं पूर्ण झालं असं समजून लोक मध्येच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये, शिरतात, म्हणून.

फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना ‘शट डाउन’ म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून विंडोजची डिस्क फक्त वाचता येते, काही लिहिता येत नाही. जागा मोकळी करायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. लिनक्स मिंटला (लिनक्सचा एक लोकप्रिय प्रकार) किमान २० जीबी पुरतात, पण १०० देता येत असतील तर द्या. मोकळी केलेली जागा तशीच कोरी ठेवा. तिला नवा ड्राइव्ह म्हणून फॉर्मॅट करू नका.

पेन ड्राइव्ह ८ जीबीचा चालतो. आयएसओ (लिनक्सची इन्स्टॉल फाइल) उतरवल्यावर चेकसम, म्हणजे फाइल धड उतरली का हे सांगणारा आकडा, तपासा. दोन मिनिटांचं काम आहे आणि कुणी करत नाही. मग इन्स्टॉल ऐंशी टक्क्यांवर अडकलं की सगळ्यांना विचारत फिरतात.

बायोस. डेल आणि लेनोव्होवर बूट मेन्यूसाठी सहसा एफ १२, एचपीवर एफ ९. सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारं सेटिंग, उगाच बंद करू नका. उबुंटू, मिंट, फेडोरा तो चालू असतानाही सुरू होतात. जुने व्हिडिओ बघून लोक आधी तोच बंद करतात, आणि एन्क्रिप्शन चालू राहिलेलं असेल तर पुढच्याच वेळी विंडोज की मागतं. केलेला बदल परत फिरवला तर बऱ्याचदा सुटका होते, पण त्या भरवशावर राहू नका. कागद जवळ आहे ना? एसएसडी इन्स्टॉलरला दिसतच नसेल तर बहुधा बायोसमध्ये डिस्क हाताळण्याची इंटेलची आरएसटी किंवा व्हीएमडी पद्धत चालू आहे, ती बदलून एएचसीआय करावी लागते. थेट बदललं तर विंडोज सुरू होताना कोसळतं. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग बायोसमध्ये बदल करा, एकदा सेफ मोडमध्ये उघडा, मग नेहमीसारखं. ही भानगड करताना की जवळ नसेल तर करूच नका. खरंच करू नका.

इन्स्टॉल करण्याआधी पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघा: वाय-फाय, आवाज, कॅमेरा, झाकण बंद करून उघडल्यावर जाग येते का. ब्रॉडकॉमची वाय-फाय चिप असेल तर सुरुवातीला नेटच नसतं, आणि ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं. तेव्हा फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग सुरू करून फोनचं नेट घ्या. चार्जिंगपुरती असलेली केबल चालत नाही, डेटाची घ्या.

इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’ला हात लावू नका. बाकी नेक्स्ट, नेक्स्ट. टाइमझोन कोलकाता. एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल आणि सिक्युअर बूट चालू असेल तर एक पासवर्ड ठरवायला सांगतील, रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच द्यायचा. तोही त्याच कागदावर लिहा.

नंतर विंडोज उघडलं की घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. बिघाड नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) लिहितं आणि विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगणारी एक ओळीची आज्ञा आहे, ती द्या.

एन्क्रिप्शन पुन्हा चालू करणार असाल तर नवी की तयार होते. जुना कागद बाद. नवीन ४८ आकडे परत लिहा, जुने खोडा. आणि त्यानंतर विंडोज ग्रबमधून (लिनक्सने टाकलेल्या, सिस्टिम निवडायच्या यादीतून) न उघडता बूट मेन्यूतून उघडा, नाहीतर पुन्हा पुन्हा की मागू शकतं.

मराठीसाठी कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी जोडा, तो इनस्क्रिप्ट या प्रमाण देवनागरी कीबोर्डच्या धर्तीवर असतो. रोमनमधून टंकायची सवय असेल तर आयबस हा टंकनाचा प्रोग्रॅम टाका. अपडेट, रीस्टार्ट, टाइमशिफ्टचा (सिस्टिम मागे नेता येण्यासाठी जपून ठेवणारा प्रोग्रॅम) पहिला स्नॅपशॉट. वॉलपेपर नंतर.