बांध साफ करण्याआधी उन्हाळीचं बी गोळा करा

दिवाळी आटोपली, खरिपाचा माल घरात आला, की बांध साफ करायची घाई सुरू होते. कुणी विळा लावतं, कुणी तणनाशक मारतं, कुणी सरळ काडी ओढतं. या साफसफाईत उन्हाळीचं झुडूप दरवर्षी नाहक जातं. यंदा तिच्या शेंगा वाळेपर्यंत तेवढा पट्टा राखून ठेवा.

उन्हाळी म्हणजे आयुर्वेदातली शरपुंखा. मुरमाड माळावर, पायवाटेच्या कडेला, बांधावर गुडघा-मांडीएवढी वाढते. जांभळट-गुलाबी फुलं, चपट्या, किंचित वाकलेल्या शेंगा. ओळख पटत नसेल तर एक पानोळं, म्हणजे पानाच्या देठावरचं एक छोटं पान, दोन्ही टोकांना धरून हलकेच ओढा. ते आडवं सरळ न तुटता बाणाच्या पिसाऱ्यासारखं टोकदार खाचेत तुटतं. शरपुंखा हे नाव त्यावरूनच पडलं. तरवड, टाकळ्याचं पान असं तुटत नाही.

ही द्विदल कुळातली. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात, आणि मुळं खोल जात असल्यामुळे पावसाने ओढ दिली तरी झुडूप तग धरतं. जनावरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे मोकळ्या चराईतही ती टिकते. एकदा जम बसला की बी पडून दरवर्षी आपोआप उगवते. हलक्या जमिनीवाल्याला यापेक्षा बिनखर्चाचं हिरवळीचं खत, म्हणजे हिरवा पाला मातीत गाडून होणारं खत, मिळणं कठीण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र भारी जमीन, हाताशी पाणी आणि दोन पिकांत दीड-दोन महिने मोकळे असतील, तर ताग किंवा धैंचाच घ्या. उन्हाळीची वाढ सावकाश असते, तिथे ती पुरी पडणार नाही. पाणी साचणारी जागाही तिला मानवत नाही.

आता बियांचं. शेंगा तपकिरी झाल्या, पण अजून उकललेल्या नाहीत, अशा वेळी तोडा. तोडणी सकाळी दव असतानाच करावी. उन्हं चढली की हात लागताच शेंगा फुटतात आणि बी मातीत जातं. आणलेल्या शेंगा ताडपत्रीवर पसरा आणि वरून जुनं लुगडं टाका. दुपारी शेंगा तडतडून पीळ खातात, तेव्हा बी चांगलं हातभर लांब उडतं. नंतर काठीने झोडपून पाखडून घ्या आणि कोरड्या डब्यात ठेवा.

हे बी तसंच पेरलं तर बरंचसं उगवत नाही, आणि लोकांची निराशा इथेच होते. बियांचं कवच टणक असतं, पाणी आत शिरत नाही. म्हणून पेरणीआधी जाड वाळूत मिसळून पोत्यावर चांगलं रगडा, कवचाची चकाकी गेली पाहिजे. मग रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी फुगलेलं बी पेरणीला घ्या, न फुगलेलं पुन्हा रगडा.

पेरणी मृगाच्या पावसावर, जमिनीत ओल झाल्यावर करा. सलग शेतात हेक्टरी १५ ते २० किलो बी लागतं. बांधावर किंवा फळबागेच्या ओळींमध्ये मूठ-मूठ टोकलं तरी भागतं. पहिले दोन महिने रोपं तणाखाली दबतात, तेव्हा एक खुरपणी चुकवू नका. फुलोरा सुरू होताच पाला कापून झाडांच्या आळ्यात आच्छादन करा किंवा मातीत गाडा. उशीर केलात तर काड्या लाकडासारख्या होतात आणि कुजायला फार वेळ घेतात. जमिनीपासून वीतभर खुंट राखा, पुन्हा फुटवे येतात. काही झाडं बियांसाठी न कापता सोडाच.

एक खबरदारी मनापासून सांगतो. शेततळ्यात मासे असतील तर हा पाला आणि बी त्या पाण्यात जाऊ देऊ नका. त्यातली द्रव्यं माशांना विषारी असतात.

पेरल्यावर दीड महिन्याने एखादं रोप मुळाखाली खुरपं घालून अलगद उचला. ओढून उपटलं तर गाठी मातीतच राहतात. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसली, तर नत्राचं काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर पुढच्या पेरणीला जिथे उन्हाळी जोमात आहे तिथली बुंध्याजवळची ओंजळभर माती बियांत कालवून पेरा.