आयडलला पण पळणारी बोट ट्रोलिंगसाठी हळू कशी करायची

कोकणात हल्ली १८-२० फुटी फायबर होडी आणि मागे ४० एचपीचं आउटबोर्ड इंजिन ही जोडी सगळीकडे दिसते, मालवण म्हणा, देवगड म्हणा, हर्णै म्हणा. पर्यटक फिरवायला, जाळ्यावर पटकन पोचायला झकास. पण त्याच होडीतून ट्रोलिंग करायला, म्हणजे चालत्या होडीमागे जिवंत बांगडा ओढत सुरमई गरवायला निघालात की अडचण कळते, गियर टाकला, थ्रॉटलला हातसुद्धा लावला नाही (म्हणजे इंजिन आयडलवर, सगळ्यात हळू फिरतंय) तरी होडी चार नॉटने निघते आणि मागे बांगडा पोहायचं सोडून गरागरा फिरायला लागतो, थोड्या वेळात मरतो, आणि मेलेल्या फिरत्या बांगड्याकडे सुरमई ढुंकून बघत नाही.

आधी हे बघा की तुम्हाला हळू जायची खरंच गरज आहे का. खोल बुडणारे प्लास्टिकचे लुअर, म्हणजे नकली मासे, ओढत असाल तर चार ते सहा नॉट हा बरोबर स्पीड आहे, काही करायची गरज नाही, मजेत जा. मेलेली अख्खी वाकटी ओढायची तर दोन-तीन नॉट. जिवंत बांगडा किंवा तारली असेल तर एक ते दोन, म्हणजे आपण बाजारातून रमतगमत चालतो तेवढंच (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किमी). सगळा खटाटोप ह्या शेवटच्या दोघांसाठी.

आता मोजणी. मोबाईलवरचा जीपीएस जमिनीच्या हिशोबाने स्पीड दाखवतो पण आमिषाला जाणवतो तो पाण्याच्या हिशोबाने, आणि खाडीच्या तोंडाशी उधाणाच्या दिवसात हा फरक फार मोठा पडतो. म्हणून ओढ (पाण्याचा प्रवाह) ज्या दिशेला आहे त्या दिशेने दोन मिनिटं आयडलवर जा, मग उलटं वळून तितकंच या, दोन्ही आकडे मिळवा आणि दोनने भागा. एकीकडे पाच आणि दुसरीकडे तीन आले तर तुमची होडी पाण्यात चारने चालतेय आणि ओढ एक नॉटची आहे. हा चारचा आकडा लक्षात ठेवा.

आयडलवर पण चार नॉट का, तर इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यामुळे. हिशोब सोपा आहे, इंजिनाचे आरपीएम भागिले गियर रेशो (पंख्याच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या) गुणिले पंख्याचा पिच (एका फेरीत पंखा पुढे जायला हवा ते अंतर) इंचात आणि सगळ्याला १२१५ ने भागा, नॉट मिळतात. समजा आयडल ७५०, रेशो २, पिच १३ तर बरोब्बर ४ येतात. तेच ९ पिचचा पंखा लावला तर पावणेतीनच्या आसपास. पंखा पाण्यात घसरतो म्हणून खरा स्पीड ह्याहून थोडा कमी भरतो, पण अंदाज येतो. म्हणून ज्यांच्याकडे जुना कमी पिचचा पंखा पडून आहे त्यांनी गरवायच्या दिवशी तो लावून बघावा, फक्त परत येताना फुल थ्रॉटल देऊ नका, इंजिन कंपनीच्या मर्यादेपेक्षा जास्त फिरेल.

फुकटातले दोन उपाय. एक, वाऱ्याच्या आणि ओढीच्या तोंडावर चाला. सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो तेव्हा किनाऱ्याकडे तोंड करून, दुपारी खारं वारं सुटलं की समुद्राकडे तोंड करून. वारा होडी अडवतो आणि दिशापण नीट राहते. दुसरा, गियर टाका, पाचसहा सेकंद जा, न्यूट्रल करा, होडी घरंगळू दे, परत टाका. जिवंत आमिषाला हे उलट आवडतं, थांबलं की बांगडा खाली जातो, निघालं की वर येतो, आणि बऱ्याचदा चावा त्या थांबण्यातच पडतो. तासन् तास मात्र हे करू नका, हात दुखतोच पण गियरच्या आतले दात झिजतात. आणि गियर टाकायचा तो ठणकन एका झटक्यात, हळूच सरकवलात तर करकर होते आणि तीच झीज.

माझ्या मते एक इंजिनवाल्या छोट्या होडीला सगळ्यात भारी उपाय म्हणजे ब्रेकसारखी पाण्यात ओढायची रंगाची बादली. हसू नका. २० लिटरची रिकामी डिस्टेंपरची बादली, तशा दोन. तळाला रुपयाच्या नाण्याएवढी पाचसहा भोकं पाडा, त्यातून पाणी निघत राहिलं की बादली सरळ राहते, भोकं नसली तर ती डावीउजवीकडे डोलत बसते. बादलीची तारेची कडी काढून फेकूनच द्या, ती पहिल्याच दिवशी उपटून येते. त्याऐवजी तोंडाच्या जाड कडेखाली सारख्या अंतरावर चार भोकं पाडा, प्रत्येकातून दोर ओवून आत मोठी गाठ मारा आणि चारही दोर समान लांबीचे करून पुढे एका स्विव्हलला (गरगर फिरणाऱ्या कडीला) बांधा, स्विव्हल नसेल तर दोराला पीळ बसून बसून त्याची वेटोळी होतात. तळाच्या भोकातून एक वेगळा बारीक दोर बांधून त्याचं टोक होडीत ठेवा, तो ओढला की बादली उलटी होऊन रिकामी येते, नाहीतर भरलेली बादली चालत्या होडीत ओढताना कंबर जाते.

बांधायची कुठे हे महत्त्वाचं. होडीच्या मध्यावर दोन्ही बाजूंना एकेक, आणि दोर अधिक बादली मिळून लांबी इतकीच की बादली पंख्याच्या निदान दोन फूट अलीकडे राहील. मध्यापासून पंखा नऊ फुटांवर असेल तर सगळं मिळून सहा-सात फूट, बस. मागे ट्रान्समला (इंजिन लावतो त्या मागच्या उभ्या फळीला) बांधू नका, मागून लाट आली की होडीचा मागचा भाग आधीच खाली ओढलेला असतो आणि पाणी सरळ आत येतं. खुंटी पण भक्कम हवी, दोन नॉटला एक बादली साधारण चारपाच किलोने ओढते पण स्पीड दुप्पट झाला की ओढ चौपट होते, म्हणजे बादल्या पाण्यात असताना कोणी थ्रॉटल मारला तर खुंटीच उखडायची. अशा दोन बादल्यांनी एखादा नॉट तरी उतरतो, आणि बोनस म्हणजे हळू जाताना होडी जी नागमोडी फिरते ते बंद होतं. बाजारात कापडी शंकू मिळतात, ड्रोग किंवा ड्रिफ्ट सॉक नावाने, ते घडी होऊन पिशवीत मावतात म्हणून सोयीचे, तत्त्व तेच.

पंख्यामागे पाडायची ट्रोलिंग प्लेट, म्हणजे पंख्याचा झोत अडवणारी पट्टी, हा प्रकार पण आहे. काम चांगलं करते पण खाली पाडलेली आहे हे विसरून थ्रॉटल मारला की ब्रॅकेट वाकतो, त्यामुळे मला तरी नको. पैसे असतील तर ८-१० एचपीचं छोटं दुसरं इंजिन बाजूला लावा, सर्वात निवांत मार्ग, आणि मोठं बंद पडलं तर घरी आणायला आहेच. इलेक्ट्रिक मोटर खाडीत ठीक, पण ५५ पाउंड जोराची फुलवर साधारण ५० अँपिअर खाते म्हणजे १०० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी दोन तासात झोपली, बाहेर उघड्या समुद्रात तिच्या भरवशावर जाऊ नका. नव्या काही फोर-स्ट्रोकमधे बटणाने ५०-५० आरपीएम कमीजास्त करता येतात, तुमच्यात ते असेल तर आधी तेच वापरा.

आयडलचा स्क्रू पिळून स्पीड आणखी पाडायचा सल्ला किनाऱ्यावर हमखास कोणीतरी देतो. ऐकू नका. गियर टाकल्यावर इंजिन गचकतं, आणि ते गचकणार नेमकं खाडीच्या मुखावर लाटा फुटतात तिथे.

टू-स्ट्रोक असेल तर तासभर आयडलवर चाललं की प्लग तेलाने काळे पडतात. दर अर्ध्या तासाने बादल्या आत, मग मिनिट-दोन मिनिटं मोकळा थ्रॉटल. जास्तीचे प्लग आणि पाना जवळ ठेवा, तेल कंपनीने सांगितलं तेवढंच, बऱ्याच इंजिनांना ५०:१ म्हणजे लिटर पेट्रोलला २० मिली. इंजिनाच्या बाजूने पडणारी पाण्याची धार अधूनमधून बघत जा, बारीक झाली तर प्लास्टिक पिशवी अडकली असणार, लगेच बंद करून बघा.

जाळ्यांचे बोये दिसले की लांबून जा, हळू होडी पटकन वळत नाही आणि बादल्या असताना तर नाहीच. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे कुठे चालतं कुठे नाही ते आधी विचारून घ्या.

आणि रील ओरडली की घाईने न्यूट्रल करू नका. सुरमई बऱ्याचदा आधी शेपूट तोडते आणि मग वळून येते, म्हणून तर मागचा दुसरा गळ आणि स्टीलची तार लावतो आपण. तीनचार सेकंद तशीच होडी चालू दे, गळ नीट बसू दे, मग न्यूट्रल, आणि ज्याच्या हातात रॉड नाही त्याने आधी बारीक दोर ओढून दोन्ही बादल्या आत घ्यायच्या, कारण मासा शेवटी होडीखालीच घुसतो आणि तिथे दोर लटकत असला तर लाईन गुंतून गेलाच समजा.