मधपेटी हलवताना माशीची वाट चुकू नये म्हणून

पेटीवर ऊन येतं म्हणून सकाळी ती उचलून वीस पावलांवर आंब्याखाली ठेवली, की संध्याकाळी जुन्या जागी माश्यांचा पुंजका घुटमळताना दिसतो. पेटी समोर दिसत असूनही त्या तिकडे फिरकत नाहीत. माशी पेटी लक्षात ठेवत नाही, पेटीची जागा लक्षात ठेवते.

कामकरी माशी पहिल्यांदा बाहेर पडते तेव्हा लगेच फुलांकडे जात नाही. दाराकडे तोंड करून हवेत डावी-उजवीकडे झुलते, मग मोठमोठ्या कमानी घेत मागे सरकते. शेजारचं झाड, बांध, भिंतीची कड दारातून कशी दिसते हे ती टिपून घेते. उन्हाच्या वेळी दारासमोर असा घोळका जमला की नवखा मधपाळ वसाहत पळाली म्हणून धावतो. पण तो तरुण माश्यांचा सराव असतो, थोड्या वेळात आपोआप ओसरतो.

प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी वाळूत बीळ करणाऱ्या एका गांधीलमाशीवर हेच दाखवलं. तिच्या बिळाभोवती त्यांनी पाइनच्या फळांचं कडं मांडलं आणि ती बाहेर गेल्यावर ते कडं थोडं बाजूला सरकवलं. परतलेली माशी बीळ सोडून कड्याच्या मधोमध उतरली! १९७३ चं नोबेल त्यांना कार्ल फॉन फ्रिश आणि कॉनराड लोरेन्झ यांच्यासोबत मिळालं.

पायरी १ : अंतर ठरवा. जवळच न्यायची असेल तर रोज हात-दीड हात सरकवा, दाराची दिशा तीच ठेवा. पावसामुळे माश्या बाहेर पडल्याच नाहीत तर तो दिवस धरू नका. त्यांनी नवी जागा पाहिलेलीच नसते. लांब न्यायची असेल तर ३ किलोमीटरच्या पलीकडे न्या. सातेरी, म्हणजे आपली देशी पाळीव मधमाशी, साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या टप्प्यात फिरते, तेव्हा तिथे ओळखीचं काही दिसत नाही आणि ती नव्यानं शिकते. मेलिफेरा, म्हणजे बाहेरून आणलेली युरोपीय मधमाशी, बरीच लांब जाते, तिच्यासाठी ५ किलोमीटर तरी धरा. त्रास होतो तो मधल्या अंतराचा. शंभर-दोनशे मीटरवर हलवायची असेल तर आधी लांब नेऊन दोन-तीन आठवडे ठेवा, मग हव्या त्या जागी आणा.

पायरी २ : काम रात्री करा. अंधार पडून सगळ्या माश्या आत आल्या की दाराला बारीक जाळी लावा. हवा खेळती राहिली पाहिजे, नाहीतर आत माश्या गुदमरतात. आतल्या चौकटी, ज्यांत माश्यांनी पोळी बांधलेली असतात, हलू नयेत अशा घट्ट बसवा आणि गाडीत पेटी अशी ठेवा की चौकटी प्रवासाच्या दिशेला समांतर राहतील. ब्रेक लागला तरी पोळी एकमेकांवर आपटत नाहीत. सातेरी जरा जास्त छेडली तर घर सोडून जाते, तेव्हा धक्के टाळा.

पायरी ३ : दारापुढे फांदी ठेवा. नव्या जागी दार उघडण्याआधी समोर पानांची एक फांदी आडवी टाका. सवयीनं सरळ झेपावणारी माशी अडखळते, वळून बघते आणि पुन्हा त्या कमानी घेऊ लागते. तीन-चार दिवसांनी फांदी काढा. साधी युक्ती आहे, पण माझ्या मते सगळ्यात उपयोगी.

पायरी ४ : ओळीतल्या पेट्या वेगळ्या दिसू द्या. डाळिंबाच्या बागेत किंवा कांदा बियाण्याच्या शेतात एकसारख्या पेट्या रांगेत मांडतात, मग माश्या शेजारच्या पेटीत शिरतात आणि कडेच्या पेट्या फुगतात. दर्शनी बाजूला निळा, पिवळा, पांढरा असे रंग द्या. हौसेनं लाल रंग लावू नका. तो माशीला जवळपास काळाच दिसतो. रंग नसेल तर दारांची तोंडं थोडी वेगवेगळ्या दिशांना वळवा किंवा अधूनमधून एखादा दगड, एखादं झुडूप येऊ द्या. नंतर सफाईच्या भरात ते झुडूप मात्र तोडू नका.