केमोच्या औषधाने रक्तवाहिनीच्या पेशी मरतात की चिडतात, हे कसं तपासावं

शिरेतून दिलेलं औषध गाठीपर्यंत पोचण्याआधी रक्तवाहिन्यांच्या अस्तराला लागतं. त्या अस्तरातल्या पेशी नुसत्या मरतात की प्रतिकारयंत्रणेला संदेशही धाडतात, हे वेगळं काढणं हेच इथलं खरं काम.

नाळेच्या शिरेतल्या पेशी, म्हणजे ह्युवेक, सहाव्या पॅसेजच्या (नव्या भांड्यात हलवून वाढवण्याच्या फेरीच्या) आतल्याच घ्या. ०.१ टक्का जिलेटिन लावलेल्या २४ वेल्सच्या प्लेटमध्ये दर वेलला ५०,००० पेशी टाका आणि थर सलग होऊ द्या. औषधाच्या आदल्या दिवशी हायड्रोकॉर्टिसोन नसलेलं मीडियम घाला. तयार मीडियममध्ये हे स्टेरॉइड बऱ्याचदा असतं. ते एनएफ-कप्पा-बीला, म्हणजे दाहाची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला, दाबून ठेवतं आणि औषध उगाचच निरुपद्रवी ठरतं.

डॉक्सोरुबिसिन हायड्रोक्लोराइड ५.८ मिलिग्रॅम घेऊन १ मिली निर्जंतुक पाण्यात विरघळवा, १० मिलिमोलर स्टॉक होतो. पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट द्रावणात) एवढा दाट स्टॉक केला तर साका बसतो. पाण्यातला स्टॉक १०० पट पातळ करून दर मिली मीडियमला ५ मायक्रोलिटर घातला की ०.५ मायक्रोमोलर. सोबत ०.१ आणि १ हेही डोस ठेवा. सिस्प्लॅटिन डीएमएसओ या द्रावकात कधीही विरघळवू नका: त्यातलं गंधक प्लॅटिनमला चिकटतं आणि औषध निकामी होतं. त्याला ०.९ टक्के सलाइनच हवं. पॅक्लिटॅक्सेलला मात्र डीएमएसओ लागतं, शेवटी ०.१ टक्क्यापुढे जाऊ नका आणि कंट्रोललाही, म्हणजे औषध नसलेल्या वेललाही, तेवढंच घाला. सगळं हूडमध्ये, हातमोजे घालून. कचरा सायटोटॉक्सिकच्या डब्यात.

पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून, म्हणजे पेशी नक्की चिडवायला, टीएनएफ-अल्फा हे दाहाचं संदेश-प्रथिन, मिलीला १० नॅनोग्रॅम. ई-सिलेक्टिन आणि आयकॅम-१ ही चिडलेल्या पेशीच्या पृष्ठभागावर वाढणारी, पांढऱ्या पेशींना धरणारी प्रथिनं. त्याने ई-सिलेक्टिन ४ ते ६ तासांत शिगेला पोचतं आणि २४ तासांत बरंच उतरतं. आयकॅम-१ तेव्हाही चढलेलंच असतं. केमोची चाल संथ. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाने आधी डीएनए तुटतो, मग ही तूट ओळखणाऱ्या एटीएम एन्झाइममार्फत एनएफ-कप्पा-बी जागं होतं. पेशीद्रवात सांडलेला डीएनए सीगॅस-स्टिंग या डीएनए हेरणाऱ्या प्रथिनांच्या वाटेने इंटरफेरॉन (प्रतिकाराचे संदेश) सुरू करू शकतो. म्हणून ६, २४ आणि ७२ तास, तिन्ही वेळा नमुने घ्या. फक्त ६ तासांवर थांबलात तर बहुतेक काहीच दिसणार नाही.

फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे चमकणारी अँटिबॉडी लावून एकेक पेशी मोजताना, एक सापळा आहे. डॉक्सोरुबिसिन स्वतःच नारिंगी चमकतं आणि पीई या नारिंगी रंगद्रव्याच्या चॅनलमध्ये शिरतं. आयकॅम-१ साठी एपीसी हे लाल रंगद्रव्य लावलेली अँटिबॉडी घ्या, शिवाय औषध दिलेला पण अँटिबॉडी न लावलेला एक नमुना ठेवा. पेशी ट्रिप्सिनने सोडवल्या तर पृष्ठभागावरची प्रथिनं कापली जाऊ शकतात, अ‍ॅक्युटेस हे सौम्य एन्झाइम-मिश्रण बरं.

एलायझात (मीडियममधलं प्रथिन अँटिबॉडीने मोजण्याच्या चाचणीत) आयएल-६ या दाहाच्या संदेश-प्रथिनाचा आकडा नुसता वाचू नका. तो कंट्रोलच्या निम्मा आला आणि पेशी पाव उरल्या असतील, तर दर पेशीमागे तो दुप्पट झाला आहे. हा हिशेबही ढोबळच, कारण मेलेल्या पेशींनी मरण्याआधी सोडलेलं आयएल-६ त्याच मीडियममध्ये असतं. म्हणून जोडीला एलडीएच, म्हणजे मेलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम, मोजा.

पॅक्लिटॅक्सेल उंदराच्या पेशींत एमडी-२ या प्रथिनाला धरून टीएलआर४, म्हणजे जंतू ओळखणारा रिसेप्टर, चेतवतं, माणसाच्या पेशींत नाही. ह्युवेकमध्ये त्याने ६ तासांतच ई-सिलेक्टिन उसळलं, तर आधी स्टॉकची एलएएल (एंडोटॉक्सिन शोधणारी) चाचणी करा. बहुधा एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणाचा अंश, निघेल.