ड्राफ्टची पाकिटे घरी बनवताना या चुका टाळा

ड्राफ्ट म्हणजे प्रत्येकाने एक पाकीट फोडायचे, त्यातला एक पत्ता ठेवून बाकीचे शेजाऱ्याकडे द्यायचे आणि अशा निवडलेल्या पत्त्यांतून आपला कॅट बांधायचा. ज्या खेळांच्या प्रत्येक डब्यात कोणते पत्ते निघणार हे विकत घेण्याआधीच ठाऊक असते, अशा खेळांचा ड्राफ्ट मांडायचा असेल तर पाकिटे बहुधा आपल्यालाच बनवावी लागतात. माझा अनुभव ‘अँड्रॉइड: नेटरनर’ या दोघांनी खेळायच्या पत्त्यांच्या खेळाचा आहे; त्यात एक जण कॉर्प म्हणजे मोठी कंपनी होतो आणि दुसरा रनर म्हणजे तिच्या संगणकांत घुसणारा हॅकर. रिचर्ड गारफिल्ड यांचा १९९६ मधील मूळ ‘नेटरनर’ बंद पाकिटांतून विकला जात असे आणि पाकिटात काय निघेल ते नशिबावर असे. फॅन्टसी फ्लाइट गेम्सने २०१२ मध्ये तो नव्या रूपात आणला, तेव्हा ही अनिश्चितता काढून टाकली आणि प्रत्येक डेटा पॅकमध्ये, म्हणजे पुरवणी डब्यात, २० निरनिराळ्या पत्त्यांच्या प्रत्येकी ३ प्रती, असे ६० पत्ते देण्याची पद्धत ठेवली. पुढे त्याच कंपनीने ड्राफ्टपुरती ‘सायबर वॉर’ आणि ‘ओव्हरड्राइव्ह’ ही सरमिसळ पाकिटे काढली खरी. पण २०१८ मध्ये तिने हा खेळच थांबवला. नल सिग्नल गेम्स ही खेळाडूंनी उभी केलेली संस्था आता नवे पत्ते काढते, त्यामुळे खेळ जिवंत आहे आणि घरी पाकिटे बनवणारेही आहेत. मात्र नव्याने पाकिटे बनवणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याच त्या चुका करतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळा संग्रह एका ढिगात ओतणे, तो पिसणे आणि दहा-दहा पत्ते मोजून पाकिटे भरणे. ‘यादृच्छिक पाकीट म्हणजे यादृच्छिक पत्ते, मग आणखी काय करायचे?’ असा प्रश्न मला कितीतरी वेळा विचारला गेला आहे. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचे जुने पंधरा पत्त्यांचे पाकीट आठवावे: त्यात एक दुर्मीळ, तीन मध्यम आणि अकरा सामान्य पत्ते असत. म्हणजे तिथेही नशिबाला मोकळे रान नव्हते. आधी प्रमाण ठरलेले होते आणि नशीब फक्त त्या प्रमाणाच्या आत काम करत होते. ठरावीक पत्त्यांच्या खेळात दुर्मीळ-सामान्य हा भेदच नसतो, म्हणून ते प्रमाण आखण्याचे काम पाकिटे बनवणाऱ्याच्या अंगावर येते. घाई असलेल्या माणसाला नेमके हेच काम वगळायचे असते.

गेल्या पावसाळ्यात एका मित्राच्या घरी आम्ही सहा जण ड्राफ्टसाठी जमलो होतो. पाकिटे त्याने आदल्या रात्री बनवली होती: कॉर्पच्या बाजूचे २४० पत्ते, प्रत्येकी दहाची २४ पाकिटे, म्हणजे माणशी चार. नेटरनरमध्ये कॉर्प खेळणाऱ्याच्या कॅटमध्ये अजेंडा नावाचे पत्ते असावेच लागतात. ते पुढे नेऊन तो सात गुण मिळवू पाहतो आणि समोरचा रनर तेच चोरून सात गुण मिळवू पाहतो. तीस पत्त्यांच्या कॅटमध्ये अजेंडांचे किमान १४ गुण असावेत, असा नियम आहे. दुसऱ्या फेरीपासूनच कुजबुज सुरू झाली. कोणाच्या पाकिटात चार अजेंडा होते, तर कोणाच्या पाकिटात एकही नव्हता. ड्राफ्ट संपला तेव्हा सहांपैकी तिघांना नियमात बसणारा कॅट बांधता येईना. ‘चालवून घेऊ’ असे ठरले आणि ९ गुणांचा एक कॅट तसाच खेळवला गेला. त्या कॅटमध्ये अजेंडा इतके विरळ होते की रनरला चोरायला काही सापडेना आणि कॉर्पला पुढे न्यायला काही मिळेना. तो एक डाव दीड तास चालला, आणि बाकीचे चौघे तोवर खिडकीबाहेरचा पाऊस पाहत बसले होते.

घरी परतल्यावर मी त्या ढिगाचा हिशेब मांडला. त्यात ३६ अजेंडा होते आणि त्यांचे मिळून ७१ गुण भरत होते. सहा कॅटांना प्रत्येकी १४ म्हणजे ८४ गुण लागतात. याचा अर्थ असा की पहिले पाकीट फुटण्याआधीच किमान एका खेळाडूचा कॅट अपुरा राहणार हे ठरलेले होते. कोणी कितीही जपून निवड केली असती तरी ते टळले नसते. त्यात वाटपाची भर पडली. दहापैकी सरासरी दीड अजेंडा असतील, तर साधारण दर पाच पाकिटांमागे एक पाकीट अजेंडाविना निघते, म्हणजे चोवीसांपैकी चार-पाच. हे दुर्दैव नव्हे, ही नेहमीची शक्यता आहे. पत्ते उत्तम पिसल्याने ती बदलत नाही.

म्हणून मी आधी ढीग वेगळे करतो. कॉर्पच्या प्रत्येक पाकिटात २ अजेंडा, ४ आइस (रनरला अडवणारे पत्ते) आणि ४ इतर पत्ते, असे माझे प्रमाण आहे. चार पाकिटांत मिळून माणशी आठ अजेंडा येतात; सरासरी दोन गुण धरले तर सोळा, म्हणजे नियमाला पुरून थोडी निवड करण्याइतकी मोकळीक उरते. प्रत्येक ढीग स्वतंत्र पिसायचा, त्यातून ठरलेली संख्या पाकिटात घालायची आणि शेवटी पाकिटातले दहा पत्ते पुन्हा पिसायचे, नाहीतर अजेंडा नेहमी वरच सापडतात. याहून बारीक प्रमाणे काढणारे लोक आहेत. मला एवढे पुरते.

रनरच्या बाजूला हीच अडचण आइसब्रेकरची, म्हणजे आइस फोडणाऱ्या पत्त्यांची, आहे. बॅरियर, कोड गेट आणि सेंट्री या तीन प्रकारच्या आइसना तीन निराळे ब्रेकर लागतात, आणि एकाच प्रकारचे चार ब्रेकर हाती आलेला रनर दुसऱ्या प्रकारच्या आइसपुढे हतबल होतो. ब्रेकरचा स्वतंत्र ढीग करावाच. शिवाय मी ड्राफ्टबाहेर प्रत्येकाला ‘क्रिप्सिस’ची एक प्रत देतो, कारण तो महाग पडला तरी कोणत्याही प्रकारचे आइस फोडतो. ‘अशाने ड्राफ्ट सोपा होतो’ अशी तक्रार मी ऐकली आहे, पण ती करणाऱ्यांनी बहुधा एकाही ब्रेकरविना डाव खेळून पाहिलेला नसतो.

तिन्ही प्रती ढिगात घालू नयेत. एकाच प्रतीने सुरुवात करावी आणि पत्ते कमी पडले तरच दुसरी घालावी. ‘अँड्रॉइड: नेटरनर’च्या पहिल्या मुख्य डब्यात तर काही पत्त्यांच्या तीन, काहींच्या दोन आणि काहींची एकच प्रत होती, त्यामुळे ‘डब्यात आहे तसे’ घातलेले पत्ते मुळात समप्रमाणात नसतातच.

आता पिसण्याविषयी, कारण या बाबतीत माझा संयम लवकर संपतो. मेंढीकोट किंवा रमी खेळताना आपण गड्डी हातात धरून थोडे थोडे पत्ते वरखाली करतो आणि तीच सवय इथे आणतो. त्या पद्धतीने पत्त्यांचे गठ्ठे जागा बदलतात, गठ्ठ्यातले पत्ते मात्र एकमेकांजवळच राहतात. संग्रह वहीत गटवार लावलेला असतो. तिथून काढलेले पत्ते असे पिसले की एका पाकिटात सगळे एकाच गटाचे पत्ते येतात आणि शेजारच्याला काय हवे आहे ते पहिल्याच फेरीत कळते. दुसरी आवडती पळवाट म्हणजे पत्ते सात-आठ ढिगांत एकेक करून वाटायचे आणि ढीग एकमेकांवर ठेवायचे. याने पत्ते पसरलेले दिसतात, पण यात नशिबाचा अंशही नाही: सुरुवातीचा क्रम ठाऊक असेल तर शेवटचा क्रम कागदावर लिहून काढता येतो. ढिगांचा उपयोग मी फक्त पत्ते मोजण्यासाठी करतो.

गड्डीचे दोन भाग करून त्यांच्या कडा एकमेकींत सोडत पिसणे, ही पद्धत खरी. डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवले की ५२ पत्ते असे नीट मिसळायला सुमारे सात वेळा पिसावे लागतात. पत्ते वाढले की ही संख्याही वाढते, आणि स्लीव्ह (पत्त्याचे प्लॅस्टिकचे पातळ आवरण) घातलेले शंभर-दीडशे पत्ते एका वेळी हातात मावत नाहीत. मी पन्नास-साठ पत्त्यांचे भाग करतो, प्रत्येक भाग सात वेळा पिसतो, मग प्रत्येक भागाचा अर्धा हिस्सा शेजारच्या भागात घालून पुन्हा सात वेळा पिसतो, आणि हे फिरणे एकूण चार वेळा करतो. यात एक संध्याकाळ जाते. ज्यांना एवढा वेळ द्यायचा नाही त्यांनी संगणकावर यादी काढून त्याप्रमाणे पत्ते वेचावेत. तो मार्ग प्रामाणिक आहे. फक्त आलेली यादी ‘बरी दिसत नाही’ म्हणून पुन्हा पुन्हा काढू नये, कारण मग पाकिटे नशिबाने नव्हे, तर तुमच्या आवडीने भरलेली असतात. आणि ज्याने यादी पाहिली आहे त्याने ती पाकिटे स्वतः खेळू नयेत.

काही लहान चुकाही आहेत. जुन्या आणि नव्या स्लीव्हची सरमिसळ करू नये. झिजलेली कडा बोटाला कळते. कॉर्प आणि रनर यांच्या पत्त्यांची पाठ वेगळी असते, म्हणून पाकिटेही वेगळी ठेवावीत. ओळखपत्ते (खेळाडू कोणाच्या भूमिकेत आहे ते सांगणारे पत्ते) ढिगातून आधीच बाजूला काढावेत, आणि ज्या पत्त्याचा उपयोग दुसऱ्या एका ठरावीक पत्त्याशिवाय होत नाही तो ड्राफ्टला घेऊच नये.

शेवटी मोजणी. एका पाकिटात नऊ आणि दुसऱ्यात अकरा पत्ते गेले, तर चूक लगेच दिसत नाही; पाकिटे हातोहात फिरत राहतात आणि फेरीच्या अखेरीस एकाच्या हातात काही उरत नाही, तर दुसऱ्याकडे दोन पत्ते राहतात. तसे झाल्यास निवडलेले पत्ते परत मागू नयेत. ज्याला कमी पडला त्याने उरलेल्या दोनांपैकी एक न पाहता घ्यावा आणि फेरी तिथेच संपवावी. पाकीट बंद करताना मी ते दोनदा मोजतो, दुसऱ्यांदा मोठ्याने, आणि मगच त्यावर पेन्सिलीने खूण करतो.