बीएस सिक्स पिकअपचा डीपीएफ शहरात चोक होऊ नये म्हणून काय करायचं

माझी पिकअप रोज पहाटे इंदूरच्या चोइथराम मंडीतून भाजी उचलते आणि राजवाडा, पलासिया, अन्नपूर्णा असं थांबत थांबत फिरते, तिसऱ्या गिअरच्या वर जायचा प्रश्नच येत नाही, आणि डीपीएफला, म्हणजे धुराच्या वाटेत बसवलेल्या काजळी अडवणाऱ्या जाळीला, नेमकं हेच सोसत नाही. धुरातली काजळी त्या जाळीत अडकते, ती जाळायला आत साधारण 550-600 डिग्री लागतात, आणि शहरात धुराला तेवढी आच मिळतच नाही.

म्हणून आठवड्यातून एकदा तरी राऊहून बायपास धरून मांगल्यापर्यंत जाऊन यायचं, 60 च्या वर स्पीड, इंजिन 2000 आरपीएमच्या आसपास, 20-25 मिनिटं न थांबता. डिझेल पाव टाकीच्या वर ठेवा, बऱ्याच गाड्या त्याच्या खाली रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळून जाळी साफ करणं, सुरूच करत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आयडल थोडा चढलेला, फॅन जोरात, खालून जळका वास, म्हणजे आत काजळी जळतेय, तेव्हा माल उतरवायचाय म्हणून चावी फिरवू नका, 10-15 मिनिटं अजून चालवा. कारण त्या वेळी जास्तीचं डिझेल सोडलं जातं आणि काम अर्धवट राहिलं की त्यातलं काही पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑइलमध्ये उतरतं. दर रविवारी डिपस्टिक बघा, लेव्हल कमी झालीय का ते सगळेच बघतात पण ती वाढलीय का तेही बघा, मॅक्सच्या वर गेली असेल तर ऑइल पातळ झालंय, किलोमीटर मोजत बसू नका, लगेच बदला. आणि ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या लो सॅप्स, म्हणजे कमी राख सोडणाऱ्या ग्रेडचंच, साध्या ऑइलची राख जाळीत बसते आणि ती राख कितीही तापवा, जळत नाही. वाळलेल्या गवतावर मात्र अशी तापलेली गाडी उभी करू नका.

डॅशबोर्डवर डीपीएफचा लाइट लागला तर आधी प्रेशर सेन्सरच्या दोन बारीक नळ्या बघा, तडकल्या असतील तर जाळी साफ असूनही चोक दाखवते. ईजीआर व्हॉल्व (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) साफ करताना मोटरवाल्या बाजूला क्लीनर लागू देऊ नका, गास्केट नवीनच घाला.

डीईएफची (धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाची) टाकी असलेली गाडी असेल तर त्याचा कॅन सावलीत ठेवा, मे महिन्यात टपरीबाहेर उन्हात ठेवलेला घेऊ नका, उष्णतेने ते लवकर खराब होतं. पाणी मिसळायचं नाही. चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत ओतलं तर चावी लावूच नका, आधी टाकी रिकामी करून घ्या.

एका गॅरेजवाल्याने मला जाळीच काढून टाक म्हणून सांगितलं होतं. मी नाही काढली. कायद्यात बसत नाही ते आहेच, पण पहाटे मंडीत गाडीच्या मागे उभं राहून पोती उचलणारे हम्माल असतात, ती काजळी थेट त्यांच्याच छातीत जाते.