नाताळाच्या घरगुती भेटी: थोड्या पैशांत काय करावं, कधी करावं

चवथीला (गणेशचतुर्थीला) आपल्या घरून नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट शेजारच्या ख्रिस्ती घरी जातं आणि नाताळात त्यांच्याकडून कोन्सुआदचं, म्हणजे नाताळाच्या गोडाधोडाचं, ताट येतं. दोदोल, दोस, कुलकुल, बेबिंकाचा एखादा तुकडा. गोव्यातली ही देवघेव जपण्यासारखी आहे. अडतं ते यादी लांबली की. शेजारी, ऑफिसातली मंडळी, मुलांच्या शिक्षिका, घरकामाला येणाऱ्या मावशी, रोज दारात येणारा पदेर (पाववाला) असं धरत गेलं की दहा-बारा घरं सहज होतात आणि दुकानातले तयार डबे घ्यायचे म्हटलं तर महिन्याचा हिशेब कोलमडतो.

खर्च आटोक्यात ठेवायचा तर सहा प्रकार थोडे थोडे करायच्या फंदात पडू नका. दरेक प्रकाराचं सामान पाकिटाच्या मापाने आणावं लागतं आणि अर्धं उरतं. खाण्याचे दोन प्रकार आणि न खाण्याचा एक, एवढ्यावर थांबा, पण ते नीट करा. दुसरं म्हणजे घर बघून भेट ठरवा. ज्या घरी स्वतः दोदोल आटतं आहे तिथे २४ तारखेला आणखी गोड पाठवून उपयोग नाही. तिथे मसाल्याची बाटली, मेणबत्ती किंवा नक्षत्र (नाताळात टांगतात तो ताऱ्याचा कंदील) द्या. गोड पाठवा ते ज्या घरी यंदा काहीच होणार नाही तिथे.

बेबिंका या यादीत नाही. दहा-बारा अंड्यांचे पिवळे बलक, तूप, नारळाचं घट्ट दूध, आणि एकेक थर वरून भाजत निम्मा दिवस जातो. दोदोलचंही तसंच: माडाचा गूळ, तीन-चार नारळ आणि तासन्‌तास ढवळणं. दोन्ही पदार्थ थोर, पण स्वस्त नाहीत.

पेराद

पेराद म्हणजे पेरूची वडी. डिसेंबरात पेरू भरपूर येतात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तर टोपल्यांनी. शिवाय पेरूत पेक्टिन (फळाचा गर घट्ट धरवणारा घटक) भरपूर असल्यामुळे वडी जमायला बाहेरून काही घालावं लागत नाही. फक्त सगळे पेरू पिकलेले घेऊ नका. फळ जास्त पिकलं की पेक्टिन उतरतं आणि वडी धरत नाही. एक किलो घ्यायचे तर पाऊण किलो पिकलेले पण घट्ट, आणि पाव किलो अर्धे कच्चे.

पेरू धुऊन चार फोडी करा, बियांचा गाभा चमच्याने काढून वेगळ्या पातेल्यात टाका. गाभ्यात एक वाटी पाणी घालून दहा मिनिटं उकळा आणि गाळणीतून घासून घ्या. बिया टाकून द्या. हा चिकट गर फेकायचा नाही, जास्तीचं पेक्टिन त्यातच असतं. फोडी अर्धी वाटी पाण्यात कुकरला दोन शिट्ट्या देऊन मऊ करा आणि मिक्सरमधून काढा. बियांसकट मिक्सर फिरवला तर बिया भरडल्या जातात, आणि मग कितीही गाळलं तरी वडी दाताखाली कचकचते.

दोन्ही गर एकत्र करून वजन करा. साधारण ७०० ग्रॅम भरतील. त्याला ५०० ग्रॅम साखर आणि दोन लिंबांचा रस. लिंबू चवीपुरतं नाही: आंबटपणामुळे पेक्टिन धरतं आणि साखरेचे खडे होत नाहीत. जाड बुडाच्या कढईत आधी नुसता गर दहा मिनिटं आटवा, मग साखर आणि रस घाला. आता लांब दांड्याचं उलथणं घ्या आणि हाताला फडकं गुंडाळा, कारण मध्यावर हा गोळा फटफट उडतो आणि अंगावर पडला की चिकटून भाजतो. मंद आचेवर पाऊण तास तरी ढवळावं लागतं. बूड सोडून एकत्र यायला लागलं की चमचाभर तूप किंवा लोणी घाला.

पाहायचं कसं? थंड स्टीलच्या ताटलीवर एक थेंब टाका, दोन मिनिटं थांबा आणि बोटाने दाबा. बोटाला न चिकटता त्याची मऊ गोळी वळली तर झालं. चिकटत असेल तर आणखी पाच मिनिटं. गॅस बंद करायची घाई हीच पेरादाची नेहमीची चूक. वरून घट्ट दिसतं आणि दुसऱ्या दिवशी सुरी लडबडते. असं झालं तर सगळं परत कढईत घालून आटवा, काही बिघडत नाही. उलट जास्त आटून दगड होऊ लागलं तर दोन-तीन चमचे गरम पाणी घालून मंद आचेवर सैल करा.

तूप लावलेल्या नऊ इंची थाळीत थापलं की दीड सेंटीमीटर जाडीची वडी बसते. रात्रभर तशीच ठेवा, सकाळी शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडा, बारीक साखरेत घोळवा आणि तीन-चार तास उघड्यावर सुकू द्या. एका किलोत सुमारे पाऊण किलो पेराद, म्हणजे लहान पन्नासेक तुकडे. बटर पेपरात बारा-बारा बांधले की चार घरं झाली. जास्त हवं असेल तर दोन खेपा करा. एकाच कढईत दोन किलो घातले तर आटायला दुप्पट वेळ लागतो आणि रंग करपट तपकिरी होतो. हवाबंद डब्यात दोन-तीन आठवडे चांगलं राहतं.

कुलकुल

शंकरपाळे जमतात त्याला कुलकुल जमतात. अर्धा किलो मैदा, शंभर ग्रॅम पिठीसाखर, अर्धा चमचा मीठ, तीन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन आणि एका नारळाचं घट्ट दूध, साधारण २०० मिलिलिटर. दूध एकदम ओतू नका, पीठ पुरीच्या पिठाइतकं घट्ट हवं. अंडं घालतात, पण न घालताही कुरकुरीत होतात, आणि भेटीला बिनअंड्याचे बरे: नाताळ सोमवारी किंवा गुरुवारी आला तर पुष्कळ हिंदू घरांत अंड्याचा पदार्थ त्या दिवशी कुणी तोंडात घालत नाही.

पीठ अर्धा तास झाकून ठेवा. सुपारीपेक्षा लहान गोळी घ्या, काट्याच्या चमच्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर अंगठ्याने पातळ दाबा आणि शिंपल्यासारखी गुंडाळा. कड नीट दाबली नाही तर तेलात उलगडते. गोळी जाड राहिली की आत कच्ची राहते आणि दोन दिवसांत मऊ पडते. तेल मध्यम तापलेलं हवं, एक घाणा सहा-सात मिनिटं चालायला हवा. पिठात साखर असल्याने मोठ्या आचेवर बाहेरून लगेच लाल होतात आणि फसवतात. वळायला माणसं लागतात, म्हणून हे काम मुलांच्या सुट्टीच्या संध्याकाळी काढा.

पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. कोमट भरले तर वाफ धरते आणि सगळा डबा सादळतो. पंधरा दिवसांत संपावेत, त्यापुढे नारळाचा खवट वास येऊ लागतो.

रवा, ओलं खोबरं आणि साखरेची कोकाद आणखी सोपी, पण आठवडाभरच टिकते. करायचीच तर २२ तारखेला.

रेशाद मसाल्याची बाटली

रेशाद म्हणजे मासळीत भरायचा तिखट-आंबट मसाला. ही भेट गोडाने कंटाळलेल्या घरासाठी आणि सुट्टीला येऊन मुंबई-पुण्याला परत जाणाऱ्यांसाठी. शंभर ग्रॅम काश्मिरी सुक्या मिरच्या (बिया काढून), वीस पाकळ्या लसूण, इंचभर आलं, एक चमचा जिरं, एक चमचा मिरी, सहा लवंगा, इंचभर दालचिनी, अर्धा चमचा हळद, लिंबाएवढी चिंच, एक मोठा चमचा मीठ, एक चमचा साखर. सगळं १५० मिलिलिटर माडाच्या व्हिनेगरात दोन तास भिजवा आणि त्याच व्हिनेगरात गंधासारखं वाटा. मिक्सर अडला तर आणखी व्हिनेगर घाला. पाण्याचा थेंबही नको, पाणी गेलं की वर बुरशी येते.

जॅमच्या रिकाम्या बाटल्या दहा मिनिटं उकळून उन्हात खडखडीत वाळवा. पत्र्याच्या झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घाला, नाहीतर व्हिनेगर झाकण गंजवतं. एवढ्यात शंभर ग्रॅमच्या तीन-चार लहान बाटल्या भरतात. फ्रीजमध्ये दोन-तीन महिने सहज राहतो. चिठ्ठीवर लिहा: मासळीला चीर देऊन भरावा, अर्ध्या किलो बांगड्यांना दोन मोठे चमचे.

करवंटीतली मेणबत्ती

नारळ रोज फुटतो, करवंट्या फुकट. डोळे नसलेली अर्धी करवंटी घ्या. डोळ्याच्या बाजूने मेण झिरपतं. आतलं खोबरं आणि बाहेरच्या शेंड्या खरवडून काढा, ८० नंबरच्या काचपेपरने आणि मग २२० ने घासा, बाहेरून खोबरेल तेल चोळा. बसायला खाली काथ्याच्या दोरीचं वेटोळं चिकटवा, नाहीतर डुलते.

मेण १३० ते १७० ग्रॅम लागतं. घरातले मेणबत्त्यांचे तुकडे आणि सगळ्यात साध्या पांढऱ्या मेणबत्त्या वितळवल्या की पुरतं. डबा उकळत्या पाण्यात ठेवूनच वितळवा, थेट आचेवर कधीही नाही. मेणाला जास्त ताप झाला तर पेट घेतं, आणि पेटलेल्या मेणावर पाणी टाकलं तर भडका उडतो. गॅस बंद करून झाकण घालायचं. उरलेलं मेण मोरीत ओतू नका, नळी बुजते.

बारीक मेणबत्तीची एकच वात मध्ये ठेवली तर मधोमध खड्डा पडतो आणि वात त्यात बुडून विझते. करवंटी रुंद असते, म्हणून दोन किंवा तीन वाती तीन-चार सेंटीमीटर अंतराने लावा, पण कडेपासून दोन सेंटीमीटर आत, कारण करवंटीही जळते. वाती आडव्या काडीला बांधून सरळ ताणा. वरून एक सेंटीमीटर जागा सोडून मेण ओता. निवताना मधे खळगा पडणारच, तासाभराने थोडं गरम मेण ओतून तो भरा. दिवाळीच्या मातीच्या पणत्या उरल्या असतील तर त्यातही हेच करता येतं आणि मेण फार थोडं लागतं. तेल लागलेल्या पणत्या आधी साबणाने उकळून घ्या.

नक्षत्र

एकाच घरी द्यायचं असेल, अगदी जवळच्या, तर हे करा. आकाशकंदिलाच्या कामट्या आणि पतंगी कागद घरात पडलेला असतोच.

साठ सेंटीमीटरच्या दहा कामट्या आणि बारा सेंटीमीटरचे पाच तुकडे घ्या. प्रत्येक लांब कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटीमीटरवर पेन्सिलने खूण करा. पाच कामट्यांचा तारा मांडला की कामट्या एकमेकींना बरोबर या खुणांवर छेदतात. खुणा जुळल्या की सगळी टोकं आपोआप सारखी येतात. अंदाजाने बांधलेला तारा एका बाजूला लंगडतो तो खुणा न केल्यामुळे. टोकं आणि छेद दोऱ्याने घट्ट बांधा. असे दोन तारे करून एकावर एक ठेवा, पाचही टोकं एकत्र बांधा आणि आतल्या पाच छेदांवर ते बारा सेंटीमीटरचे तुकडे दोन ताऱ्यांमध्ये उभे अडकवा. तारा फुगतो आणि ताठ होतो. कामट्या कोरड्या असतील तर या वेळी मोडतात, म्हणून आधी दोन तास पाण्यात ठेवा.

सांगाडा पूर्ण वाळला की मैद्याच्या खळीने पतंगी कागद चिकटवा. खळ पातळ हवी आणि बोटाने कामटीवर लावायची, कागदाला नाही. भिजलेला कागद ताणला की फाटतो. मागचा मधला पंचकोन उघडा ठेवा, तिथून एलईडी बल्ब आत जाईल. साधा पिवळा बल्ब नको, कागद तापतो.

कधी काय करायचं

नक्षत्र ८ डिसेंबरच्या आत पोचलं पाहिजे. त्या दिवशी असलेल्या पणजीच्या चर्चच्या फेस्ताच्या (सणाच्या) सुमारास लोक तारे टांगून मोकळे होतात, २३ तारखेला दिलेलं नक्षत्र कपाटात जातं. मसाला आणि मेणबत्त्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात कधीही. पेराद १२ ते १५ दरम्यान, कुलकुल १८ ते २०. २४ तारखेला शेगडी पेटवू नका, त्या दिवशी फक्त पोचवायचं.

बांधणीवर पैसे घालवू नका. दिवाळीचे मिठाईचे खोके एक दिवस उन्हात ठेवले की वास जातो, आत बटर पेपर, बाहेर जुन्या सुती साडीचा चौकोन आणि काथ्याची दोरी. केळीचं पान सुंदर दिसतं, पण ओलसर असतं, कुलकुलाखाली घालू नका. चिठ्ठीवर केल्याची तारीख, अंडं आहे की नाही आणि कधीपर्यंत खावं एवढं लिहा. काजू किंवा शेंगदाणे घातले असतील तर तेही, कुणाला सोसत नसतात.

एखादं घर राहून गेलं तर हळहळू नका. नाताळ ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत चालतो, तोवर दिलेली भेट नाताळाचीच. फक्त उरलेले जुने कुलकुल पाठवू नका. पाव किलो मैद्याचा एक ताजा घाणा काढा, दीड तासाचं काम आहे.